कागदावरची मालकीण

भिलाईच्या सेक्टर सहामधल्या श्रीधरने नोकरी सांभाळून ठेकेदारांना बांधकामाची ड्रॉइंग काढून द्यायचा जोडधंदा सुरू केला आणि टॅक्स वाचवायला तो बायकोच्या नावावर चढवला. कागदोपत्री सगळी कमाई प्रणिताची. पाहुण्यांना मात्र तो हसत सांगे, "हिले काय येते? घरीच असते."

टॅक्सवाल्यांनी चौकशीला बोलावलं, तेव्हा त्याने तिला आठ दिवस पोपटासारखं पढवलं. "धंदा माझाच आहे, असं सांगजो. घाबरू नको."

ती जराही घाबरली नाही. साहेबांनी कोरा कागद पुढे सरकवला, "मॅडम, एक बीम काढून दाखवा." प्रणिताने पेन्सिल उचलली आणि शेजारी बसलेल्या नवऱ्याच्या हातात दिली.

"धंदा माझाच आहे, साहेब. ड्रॉइंग काढाले मी यायले ठेवलं आहे. नोकरी करून करतात बिचारे."

साहेब श्रीधरकडे वळले. "मग ही कमाई तुमच्या रिटर्नमध्ये का नाही?"

पगारात ड्रॉइंगची कमाई धरून वाढलेला टॅक्स दंडासकट डोक्यावर घेऊन तो बाहेर आला आणि जिन्यातच खेकसला, "असं कावून बोलली तू?"

"मले काय येते?" प्रणिता म्हणाली. "मी तं घरीच असते."