खिंडीतला तिसरा गिअर

रविवारच्या ऑनलाइन शर्यतीत जो जिंकेल, त्याच्या चालवण्याची नक्कल करत तालुक्यातल्या सगळ्या बिनड्रायव्हरच्या गाड्या आठवडाभर चालत. बुधवारी शेवंताकाकूंच्या सुनेला, पल्लवीला, बाळंतपणासाठी खिंडीपलीकडे न्यायचं होतं. आणि पडद्यावर काकूंच्या पुढे असलेला रणधीर तर वळणावळणाला गाडीला हिसके देत होता.

“काकू, बैलगाडी आणलीत काय?” हेडफोनमध्ये तो हसला.

“गाडी दोघांची सारखीच मरतुकडी आहे, बाळा. तू वळणाला दुसरा टाकतोस, तिथंच तिचा दम जातो.”

पडद्यावरच्या त्याच खिंडीच्या चढावर काकूंनी तिसराच गिअर ठेवला, आलेला वेग मोडू दिला नाही आणि रणधीरला अलगद मागे टाकलं. पण माथ्यावरच्या देवीपाशी, तीस वर्षं एसटी चालवलेला काकूंचा पाय सवयीनं ब्रेकवर गेला आणि हात कपाळाला. तरीही काकू अर्ध्या गाडीच्या अंतरानं जिंकल्या.

बुधवारी बिनड्रायव्हरची अँब्युलन्स पेल्यातलं पाणीसुद्धा हिंदकळू न देता घाट चढली. माथ्यावर मात्र ती जवळजवळ थांबली. मागच्या चौदा गाड्याही तशाच.

“आई, हिला काय झालं?” कळ सोसत पल्लवीनं विचारलं.

“काही नाही. गाडीचा नमस्कार झाला,” काकू म्हणाल्या. “आता तुझा उरक.”