मामाजींचा कॅमेरा

"तुह्या सासऱ्याले आवर, मोना. तळ्यावर बायांचे फोटो काढून राहिला तो."

शेजारची रुखमिणी उंबऱ्याबाहेरच उभी होती. आत ये म्हटलं तरी आली नाही. सकाळी ती तळ्यावर कपडे धूत होती. लक्ष्मणराव तळ्याच्या बांधावरून, पाळीवरून येताना दिसले. शेजारचा वडीलधारा माणूस म्हणून ती हसली, मान हलवली. तर त्यांनी खिशातून कॅमेरा काढला आणि सरळ तिच्या तोंडावर धरला.

"काढला त काढला, वरून नाकाले लावून पाहत बसला. मंग म्हणते, 'काय रुखमिणी, बरी हायेस ना?' माह्या नवऱ्याले सांगितलं त गावात तमाशा होईन. रविवारी विक्की आला का त्याच्या कानावर घाल. नाही त मीच घालीन."

कॅमेरा मुळात विक्कीचा. हा मोनाचा नवरा वरठीच्या कारखान्यात होता, तिथंच खोली करून राहायचा आणि सुट्टीला गावी, एकोडीला यायचा. लग्नाआधी हौसेनं घेतलेला तो चपटा, बोटानं चालणारा कॅमेरा फोन आल्यावर कपाटात पडला होता. वडिलांनी मागितला तेव्हा विक्कीला हसू आलं.

"कायले पाहिजे, बाबा? उन्हात त्याच्या काचेवर काही दिसत नाही. बोट ओलं असलं त ऐकत नाही. बॅटरी दुपारलोक बी टिकत नाही."

"टिकन तेवढी टिकन," लक्ष्मणराव म्हणाले. "खिशात मावते. न् बोटानं ताणलं का मोठं होते."

तेव्हापासून तो त्यांच्या बंडीच्या खिशातच असे. बाजारात, बस थांब्यावर, किराणा दुकानात, कुठंही ते तो काढत. ऊन असलं तर डोक्यावरून दुपट्टा ओढून आत बघत बसत. पोरं हसायची. मोनानं मनावर घेतलं नव्हतं. सासू गेल्यापासून म्हातारा गप्प झाला होता, त्याला एक चाळा लागला तर बरंच, असं तिला वाटे. बाकी माणूस पहिल्यासारखाच होता. सकाळी धानाच्या बांध्यांवर एकटा जाई, आणि सोबत येतो म्हटलं की चिडे.

रुखमिणी गेल्यावर मोना घरापुढच्या सपरीत सासऱ्यांकडे आली.

"मामाजी, तो कॅमेरा द्या मले."

"काहून?"

"लोक बोलून राहिले. कायले काढता जी तुम्ही फोटो?"

लक्ष्मणरावांचा हात खिशावर गेला.

"पाहासाठी," ते म्हणाले. मग त्यांनी खिशातून कॅमेरा काढून तिच्या हातावर ठेवला. "वापस देशीन ना, बेटा?"

मोना कॅमेरा घेऊन वळली. आत जाऊन तिनं कॅमेरा चालू केला. त्यात एकही फोटो नव्हता. दिवसभर फोटो काढणाऱ्या माणसानं सगळे फोटो पुसून टाकले होते. आतापर्यंत तिला रुखमिणीचं बोलणं अतीच वाटत होतं. आता ते तिला खरं वाटू लागलं.

विक्कीचा स्वभाव तिला ठाऊक होता. त्याच्या कानावर गेलं की तो आधी बोलेल, मग विचार करेल, आणि बापलेकांचं तुटलेलं पुन्हा जुळणार नाही. त्याच्याआधी आपल्याला खरं काय ते कळलं पाहिजे, असं तिनं ठरवलं. दुसऱ्या दिवशी जेवणं उरकून, साकोलीला जाऊन येते म्हणून ती निघाली.

साकोलीत हमरस्त्यावर संघपालचा फोटो स्टुडिओ होता. पुसलेले फोटो परत निघतात, हे तिला विक्कीच्याच बोलण्यातून माहीत होतं. संघपालनं कॅमेरा उलटसुलट करून पाहिला. "चांगला हाय, ताई. आवाज बी बंद करून ठेवला कोणीतरी," असं म्हणत त्यानं कार्ड संगणकाला लावलं.

फोटो येऊ लागले. बसवरची पाटी. गोळ्यांचं पाकीट. पाळीवर पडलेली दोरी. दुकानातली मिठाची पिशवी. मग माणसं. चेहरेच चेहरे, सगळे जवळून घेतलेले. किराणा दुकानवाला तुलाराम, पोस्टमन, रुखमिणी, आणखी कोण कोण.

आणि मग मोना. दारातून आत येताना मोना. डोक्यावर घागर घेतलेली मोना. भाजीची पिशवी हातात, पदर खांद्यावरून घसरलेला, दारातच उभी असलेली मोना. संघपाल खाली सरकवत गेला तशी तीच येत राहिली. एकाही फोटोत ती कॅमेऱ्याकडे पाहत नव्हती. तिला कधी कळलंच नव्हतं.

संघपालनं हात थांबवला. तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "पुसून टाकू का, ताई?"

"राहू द्या," मोना म्हणाली. तिनं कार्ड परत मागून घेतलं.

बसमध्ये तिनं सगळं बोलणं मनात जुळवलं. या घरात मी एक दिवस राहणार नाही. विक्कीला मीच सांगेन. तुम्हाला बापासारखं मानलं होतं. थांब्यापासून घरापर्यंत ती झपाझप चालत आली. वाटेत कुणाशी बोलली नाही.

लक्ष्मणराव सपरीत खाटेवर बसले होते. अजून चांगला उजेड होता. मोना त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली, अगदी हाताच्या अंतरावर. जुळवलेलं सगळं तोंडापर्यंत आलं आणि तिथंच अडकलं.

लक्ष्मणरावांनी मान वर केली. डोळे बारीक करून तिच्या चेहऱ्याकडे सरळ, बराच वेळ पाहिलं. त्यांचा हात बंडीच्या खिशाकडे गेला आणि रिकामाच परत आला. मग ते लगबगीनं उठले, भिंतीजवळची खुर्ची चाचपडत पुढं ओढली आणि हात जोडले.

"बसा जी, बाई," ते म्हणाले. "मोना साकोलीले गेली हाय. येतच असन आता."