दोघींचं काम

“तुमच्यापैकी दोन माणसांचं काम एकटीनं कोण करू शकतं? हात वर!”

वक्त्यानं कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये प्रश्न फेकला. टेबलं भिंतीला सरकवून खुर्च्यांच्या रांगा लावल्या होत्या. पॅकिंग विभागातल्या साठ बायका सकाळपासून त्याच्यामागून ‘मी करू शकते! मी करणारच!’ असं घसा बसेस्तोवर ओरडत होत्या. पण या प्रश्नाला हात वर करायला कोण वेडी आहे?

“काय हे! घरी तर एका हातानं पोर सांभाळता, दुसऱ्या हातानं नवरा!”

हशा पिकला. तिसऱ्या रांगेतली नणंद वहिनीच्या कानाशी लागली. “माझ्याच्यानं एकीचं होईना, आणि हा बाबा दोघींचं विचारतोय.”

“गप्प बसा वन्सं, हसू येतंय मला.”

नणंदेचं म्हणणं खोटं नव्हतं. सात महिन्यांपूर्वी तिचं उजवं मनगट कामातून गेलं. तेव्हापासून औषधाच्या बाटल्या खोक्यांत भरायचं तिचं काम वहिनीच ओढत होती. दिवसाला आठशे खोकी भरायची, आणि त्यातल्या चारशेंच्या ट्रेवर नणंदेच्या नंबरची चिठ्ठी लावायची. ट्रे टेबलाखालून सरकायचे, वरून दोघींच्या गप्पा चालायच्या. हे वर साहेबांना कळलं असतं तर नणंद त्याच दिवशी घरी बसली असती, आणि तिच्या घरात कमावतं दुसरं कुणी नव्हतं.

हे सगळं वहिनीला ठाऊक होतं. तरी तिचा हात वर गेला. नऊ वर्षांत या इमारतीत तिला कुणी काही विचारलं नव्हतं. आज विचारलं, ते नेमकं तिला येत होतं.

“आल्या बघा आमच्या ताई! टाळ्या!” वक्त्यानं तिला पुढं बोलावून माइक हातात दिला. “सांगा, दिवसाला किती खोकी भरता?”

“आठशे,” ती म्हणाली. आपला आवाज एवढा मोठा निघतो, हे तिला पहिल्यांदाच कळत होतं.

खांबाला टेकलेल्या सुपरवायझरनं मान वर केली. बायका त्याला मोजपट्टी म्हणत. “आठशे? हिच्या नंबरवर तर रोज चारशेच लागतात.”

“मग बाकीची चारशे काय मांजर खातं?” वक्ता म्हणाला. पुन्हा हशा.

वहिनीनं माइक खाली घेतला. “चुकले मी, साहेब. चारशेच.”

“नाही, नाही, ताई!” वक्त्यानं दोन्ही हात पसरले. “बघा, सगळ्यांनी नीट बघा. माणूस स्वतःच्याच ताकदीला असा घाबरतो. आधी खरं बोलल्या, मग कच खाल्ली. माझ्याकडे बघा, ताई. किती?”

“चारशे.”

“घाबरायचं नाही. किती?”

“साहेब, जाऊ द्या ना मला जागेवर.”

“असं कसं? तुम्हाला जमत नसेल तर तुमच्या मैत्रिणी सांगतील. सगळ्यांनी मिळून! ताई किती खोकी भरतात?”

“आठशे!”

छत दणाणलं. टेबलाखालचं ज्यांना माहीत होतं, त्याही ओरडल्या. सकाळपासून जिभेला वळणच तसं पडलं होतं.

मोजपट्टीनं हातातल्या रजिस्टरची पानं मागं उलटली, थोडी आणखी मागं उलटली, नणंदेच्या नंबरवर बोट टेकवलं, आणि मग तो तिसऱ्या रांगेपाशी गेला. आवाज चढवला नाही. बोटानं नुसतं ‘चला’ केलं. नणंद उठली. उठता उठता शेजारणीला म्हणाली, “वहिनीची पिशवी राहिलीय खुर्चीवर. लक्ष ठेव गं.”

“हीच ती आग!” वक्ता सांगत होता. “हीच तुमच्या प्रत्येकीच्या आत आहे!” मग तो वहिनीकडे वळला आणि मायेनं हळू बोलला, “ताई, उद्या दुसऱ्या एका कंपनीत भाषण आहे माझं. तिथं तुमचीच गोष्ट सांगणार.”

तिकडं दाराशी नणंद गळ्यातलं ओळखपत्र डाव्या हातानं काढू पाहत होती. फीत केसांत गुंतली होती. मोजपट्टी हात पुढं करून थांबला होता.

“कुठवर सांगणार?” वहिनीनं विचारलं.