शंभर नंबरची आजी

‘एकच व्यक्ती? हो / नाही.’ पडद्यावर एवढंच विचारलं होतं, आणि तक्रार-विभागातल्या बाईंचं बोट मघापासून अधांतरी लोंबकळत होतं.

वॉशिंग मशीन विकणारी कंपनी. सगळ्या शाखांमधली गिऱ्हाइकं आता म्हणे ढगात जायची होती. मुख्य ऑफिसमधून आलेल्या क्लाऊडवाल्या मुलीनं समजावलं होतं, की एका माणसाच्या चार नोंदी असल्या तर यंत्र त्या हुडकून शेजारी शेजारी मांडतं. आपण ‘हो’ म्हटलं की चारांची एक होते. अठरा वर्षं गिऱ्हाइकांची बोलणी खाल्लेल्या बाईंना त्यात काय अवघड? कोण कुणाची सून, कुणी घर बदललं, सगळं तोंडपाठ. दोन दिवसांत चारशे जोड्या त्यांनी हातावेगळ्या केल्या.

ही एक मात्र घशात अडकली.

कारण डावीकडची गिऱ्हाईक जगात नव्हतीच. म्हणजे गेली नव्हती, जन्मलीच नव्हती. नऊ वर्षांपूर्वी बाईंनीच तिला कागदावर जन्माला घातलं होतं.

तेव्हा ऑफिसात बाईंचं नाव फक्त चुका निघाल्या की निघायचं. एक दिवस त्यांनी सगळ्यांत साधं नाव घेतलं, सगळ्यांत साधं आडनाव घेतलं, जन्मतारीख एक जानेवारी टाकली, आणि जांभळ्या शाईनं, डाव्या हातानं पत्र लिहिलं: तुमच्या तक्रार-विभागातल्या बाई फार गुणाच्या. शाखेच्या साहेबांनी ते मीटिंगमध्ये वाचलं. टाळ्या पडल्या. मग काय, चटक लागली. अकरा पत्रं झाली. ‘उत्तम कर्मचारी’ असं प्रमाणपत्र मिळालं आणि आईनं ते दारासमोरच्या भिंतीवर टांगलं. आल्यागेल्याला चहाच्या आधी ते दाखवलं जायचं. तेवढा वेळ बाई स्वयंपाकघरात उगाच डबे उघडत बसायच्या.

आणि आता ती क्लाऊडवाली मुलगी म्हणत होती, की ज्यांच्या नावावर एकही मशीन नाही त्यांच्या घरी माणूस पाठवून खात्री करणार. घर कुठलं? ते प्रमाणपत्र आईच्या देखत भिंतीवरून उतरवायचं, या विचारानंच बाईंच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

उजवीकडे होती ग्राहक क्रमांक शंभर. शाखा उघडली त्या वर्षी शंभरी गाठली म्हणून साहेबांना बक्षिसाची ढाल मिळाली होती, ती हिच्याच मशीनवर. नाव तेच, आडनाव तेच, जन्मतारीखही एक जानेवारी. त्या पिढीतल्या निम्म्या बायका एक जानेवारीच्याच. एकोणीस वर्षांत एक तक्रार नाही, साधा पाइपसुद्धा बदललेला नाही. असतात बिचारी अशी समाधानी माणसं, बाईंना वाटलं, आणि आपण निघालो तिच्या पदराआड लपायला.

त्यांनी डोळे मिटून ‘हो’ दाबलं.

आठच दिवसांत ढगातून वीज पडली. मुख्य ऑफिसला सगळ्या शाखांमधून एकच सोन्यासारखी नोंद सापडली: शंभरावी ग्राहक, एकोणीस वर्षं, तक्रार शून्य, कौतुकाची पत्रं अकरा. नव्या व्यवस्थेचं उद्घाटन यांच्याच हस्ते करायचं ठरलं.

हे ऐकून साहेबांचा चेहरा उतरला. त्या फार थकल्यात, त्यांना कशाला त्रास, असं ते तीनदा म्हणाले. साहेबांची ही माया बघून बाईंना स्वतःची आणखीच लाज वाटली. पण मुख्य ऑफिस ऐकेना. शेवटी साहेब म्हणाले, दुसरं कुणी जायला नको, मीच गाडीतून घेऊन येतो.

आजी आल्या त्या टुणटुणीत. माइक हातात मिळताच अशा सुटल्या, की आवरेनात. मशीन एवढं गुणाचं, की शेजारणीचे कपडे नुसत्या आवाजानं स्वच्छ होतात. एकदा ते नाचत नाचत न्हाणीघरातून थेट जिन्यात गेलं, आणि तक्रार-विभागातल्या या पोरीनं फोनवरून समजूत घालून त्याला परत आणलं. लोक पोट धरून हसत होते. बाईंना मात्र एकेक टाळी गालावर बसत होती. एक सरळमार्गी म्हातारी, आपल्या नावावर काय काय चिकटवलंय हे बिचारीला कळलंही नसेल, कुणीतरी सांगितलं म्हणून भलेपणानं बोलतेय.

आजी हात धुवायला गेल्या, तशा बाई मागोमाग गेल्या. नळ चालू ठेवून म्हणाल्या, “आजी, ती पत्रं तुमची नाहीत. मी लिहिली. तुमच्या नोंदीत मी खोटं माणूस मिसळलं. आत्ता जाऊन सगळ्यांसमोर सांगते, पण आधी तुमची माफी मागायचीय.”

आजींनी नळ बंद केला. बाहेर कुणी नाही ना, हे पाहिलं. हात पदराला पुसले.

“माझी कसली माफी मागतेस, पोरी? मी आजही कपडे हातानंच धुते. मी आले ती फक्त जावयाची लाज राखायला. बाहेर ढाल घेऊन उभेत ना, ते.”