मॅडमसाठी जिताडा

"मॅडम, ताजा हाय. सकालीच गावला," असं म्हणत कमळाकरने ओल्या गोणपाटात गुंडाळलेला जिताडा मासा टेबलावर ठेवला. पनवेलच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या दवाखान्यात औषधाचा वास नसायचा. आता खाडीचा वास भरला.

दिपा मॅडम औषध देत नसत. पोरांशी बोलायचं, पोरांचं ऐकायचं, हेच त्यांचं काम. कमळाकरची किशोरी पंधरा वर्षांची. तिची आई भामा जाऊन सात महिने झाले, तेव्हापासून पोर घरात हूं की चूं करत नव्हती. शाळेच्या बाईंनी इथे पाठवलं. आज चौथी खेप. किशोरी आधीच आतल्या खोलीत जाऊन बसली होती.

कमळाकरने आवाज खाली आणला. "ती काय बोलते, तेवढं मना सांगा. मी कोनाला बोलनार नाय."

जिताडा पोचवला की अडलेलं काम होतं, हे त्याने बापाकडून शिकलेलं.

मॅडम हसल्या. "दादा, देवमासा आणलात तरी नाही सांगणार. पहिल्याच दिवशी ठरलं होतं ना? तिच्या जिवाला धोका वाटला, तर त्याच क्षणी सांगेन. बाकी सगळं तिचं. तिला वाटेल तेव्हा तीच सांगेल."

"आन नाय वाटलं तर?"

"तर थांबायचं."

त्यांनी जिताडा त्याच्या हातात परत दिला आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

कमळाकर बाकावर बसला, गोणपाट मांडीवर. घरी जिताडा शिजला की त्याचं डोकं खायचं ते भामाने, हे ठरलेलं. ती गेल्यापासून त्याने जिताडा घरात नेला नव्हता. गावला की विकायचा, नाहीतर कुणाला तरी देऊन टाकायचा.

थोड्या वेळाने आतून किशोरीचा आवाज आला. आधी तुटक, मग सलग, मग रडत रडत. सात महिन्यांत त्याने तो इतका वेळ ऐकला नव्हता. तो उठला. दार प्लायवूडचं, पातळ. दोन पावलं पुढे गेला.

"आई..." एवढं ऐकू आलं.

तो तिथूनच मागे फिरला आणि भिंतीवरच्या पंख्याचं बटण पाचावर नेलं. जुना पंखा खडखडायला लागला. शब्द कळेनासे झाले. आवाज तेवढा येत राहिला. कमळाकर डोळे मिटून तो ऐकत बसला.

दार उघडलं. किशोरी नाक पुसत बाहेर आली आणि थबकली. पौषातली थंडी, आणि बाप पंख्याखाली कुडकुडत बसलेला.

"बाबा, येवढा पंखा कशाला?"

"गरम होत व्हतं."

तिने त्याच्या हातावर थंडीने उभा राहिलेला काटा पाहिला. एकदा त्या पातळ दाराकडे पाहिलं. पंखा बंद केला, त्याच्या मांडीवरचं गोणपाट उचललं आणि जिना उतरू लागली. चार पायऱ्या उतरून थांबली.

"याचं डोकं आता कोन खानार?"

कमळाकरने कठडा धरला.

"अर्दं तू, अर्दं मी."

"डोले मना," मागे न बघता किशोरी म्हणाली.