विहिरीवरचं इंजिन

इनायतुल्लाने रॉकेलचा बोळा इंजिनाच्या कुशीवर घासला. काजळीखालून आकडे वर येऊ लागले. त्याने ते बोटाने चाचपले आणि खिशातली पितळी पाटी शेजारी धरली. पाटी ट्रकची होती.

महायुद्धातला तो लष्करी ट्रक अचलपूरला त्याच्या गॅरेजमध्ये उभा होता. लाकडी हौदा नवा झाला होता, हिरवा रंग चढला होता. बॉनेटखाली तेवढं रिकामं होतं. ट्रकचं इंजिन कोणी तरी कधीच काढून विकलं होतं, आणि ते इथे, अंजनगावच्या या विहिरीवर, किसनरावांच्या पानमळ्याला पाणी पाजत आलं होतं.

"जुयला का नंबर, चाचा?" किसनरावांच्या सुनेने, ललिताने विचारलं.

"जुयला, बेटी." इनायतुल्लाला हसू आवरेना. मग त्याची नजर मळ्याकडे गेली. वेली वाळून मांडवाला सुतळीसारख्या लोंबत होत्या. त्याने हसू गिळलं.

"किसनराव, अजून एक पावसाळा पाहून घ्या. मी थांबतो."

किसनराव खाटेवर इंजिनाकडे पाठ करून बसले होते. "तीन पाह्यले. पाणी असतं तर तुमाले हात लावू देला नसता."

"ट्रकात काय भरसान मंग?" ललिता म्हणाली.

"काही नाही. लोकं पाह्याले येतीन."

"नुसतं पाह्याले?"

इनायतुल्ला पाना शोधू लागला. पाना त्याच्या हातातच होता.

इंजिन उचलायचं तर आधी रेडिएटर रिकामा करावा लागतो. त्याने खालचा नळ सोडला. तांबडं पाणी धुळीत पडलं, तशी ललिता धावत बादली घेऊन आली आणि धारेखाली धरली. बादली अर्धीही भरली नाही.

"गंजाचं पाणी हाये, बेटी. तेलबी असन त्यात."

ती थांबली नाही. मळ्याच्या कडेला, मोरीचं पाणी जिरतं तिथे, दोन वेली अजून हिरव्या होत्या. पहिलीच्या बुडाशी तिने थोडं पाणी ओतलं आणि उरलेलं घेऊन ती दुसरीकडे वळली.

किसनरावांनी पहिल्यांदाच मान फिरवली.

"वाटू नको," ते म्हणाले. "एकीलेच घाल."