हिरवा दिवा

वसुबारस होती, म्हणून गाईशेजारी रबराचं वासरू उभं करून त्याला कुंकू लावलं होतं. खरी वासरं या डेअरीत जन्मताच दूर नेत. गुरांची डॉक्टर हेमांगी कोळपे हिला त्या रबरी डोळ्यांची शिसारी आली.

तिनं बाजरीची भाकरी पुढे केली. गाईनं तोंड फिरवलं. ती आधीच काहीतरी कराकरा चावत होती. हेमांगीनं जबड्यात हात घालून लाळेनं बरबटलेलं हाड ओढून काढलं. कोवळी बरगडी होती ती. मेलेली वासरं पुरायचा मागचा खड्डा गुरांनी सकाळीच उकरला होता.

अंगातल्या क्षारांचा समतोल दाखवणारा गाईच्या गळपट्ट्यावरचा दिवा महिनाभर लाल होता. दूध वाढावं म्हणून खाद्ययंत्र कॅल्शियम ओतत सुटलं होतं, आणि त्यापायी फॉस्फरस गाईच्या अंगी लागत नव्हता. गुरं हाडं चघळू लागतील, असं तिनं मॅनेजर दाभाड्यांना तीनदा बजावलं होतं. "यंत्राला तुमच्यापेक्षा जास्त कळतं," असं म्हणून त्यांनी तिला वाटेला लावलं होतं.

इतक्यात गळपट्टा किणकिणला आणि दिवा हिरवा झाला.

दाभाडे धावत आले. त्यांनी आधी दिवा पाहिला, मग तिच्या हातातलं हाड, आणि त्यांचा चेहरा खुलला.

"झाला की समतोल!"

"अहो, यंत्रातलं कॅल्शियम कमी करा. एवढंच करायचंय."

"आणि दूध घटू देऊ? छे! डॉक्टरीणबाई, मागच्या खड्ड्यात अजून किती वासरं पुरलीत?"